एकरी २६ हजार युनिट ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात जेवढं ऊन पडतं, ते विजेच्या भाषेत मोजलं तर साडेसहा युनिटच्या आसपास भरतं. युनिट म्हणजे तेच, महावितरणच्या बिलावरचं. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. गुणाकार केला की जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या शिवारातल्या एका एकरावर एका दिवसात सुमारे २६ हजार युनिट ऊन उतरतं. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला एवढी वीज जवळपास २२ वर्षं पुरेल. आणि हे एका एकराचं, एका दिवसाचं.

यातलं निम्म्याहून जास्त ऊन सकाळी ११ ते दुपारी ४ या पाच तासांत पडतं. मेच्या मध्याला, १५-१६ तारखेच्या सुमारास, सूर्य ओतूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. तेही बाराला नाही, साडेबाराला. आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशाप्रमाणे चालतात आणि ओतूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. गंमत अशी, की सूर्य कलला तरी हवा तापायची थांबत नाही. पारा सगळ्यात वर जातो तो अडीच ते चारच्या दरम्यान. ‘एक वाजून गेला, आता ऊन उतरेल’ म्हणून दीडला पुन्हा शेतात जाणारा माणूस दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या हवेत जात असतो.

नेमका हाच हंगाम उन्हाळ कांद्याचा. मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत ओतूर, डिंगोरे, उदापूर, आळे या पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे कांदा उपटलेला, ओळीने पसरलेला. एकरी १०० क्विंटल उतारा आणि एका कांद्याचं वजन ८० ग्रॅम धरलं, तर एका एकरात सव्वा लाख कांदे निघतात. प्रत्येक कांदा हाताने उपटायचा, प्रत्येकाची पात विळ्याने कापायची, तीही बोटभर मान ठेवून, नाहीतर साठवणीच्या बराखीत सडतो. आठ बायकांची टोळी तीन दिवस बसली असं समजू. एकीच्या वाट्याला दिवसाला ५,२०० कांदे येतात. सात तासांच्या कामात दर पाच सेकंदांना एक, आणि त्यात पाणी प्यायला उठायचा वेळ धरलेला नाही.

पात कापण्याआधी कांदा दोन-चार दिवस शेतात सुकवतात. तो पसरायची एक रीत आहे. पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर येईल असा तो मांडतात. उघड्यावर राहिलेल्या कांद्याला उन्हाचा चट्टा पडतो, तो भाग मऊ होतो आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणजे ८० ग्रॅमच्या मालाला ऊन लागू नये याची तजवीज पिढ्यान्पिढ्या पक्की आहे. ती तजवीज करणारी बाई मात्र डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल आणि असलाच तर नवऱ्याचा जुना फुल शर्ट एवढ्यावर दिवस काढते. तो फुल शर्ट, बरं का, तिच्याकडची सगळ्यात शहाणपणाची वस्तू आहे.

सावलीतला पारा

‘आज कमाल तापमान ३८ अंश’ असं आपण ऐकतो, ते कुठलं तापमान? हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटीला चहूबाजूंनी झडपा, खालून-वरून वारा खेळता, आणि ती जमिनीपासून चारेक फुटांवर. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने बनवली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा तो बाप. थोडक्यात, बातम्यांमधला आकडा सावलीत, वाऱ्यावर, कंबरेच्या वर ठेवलेल्या थर्मामीटरचा असतो. कांदा कापणारी बाई उन्हात, वाफ्यात आणि जमिनीला टेकून बसलेली असते. तिच्याखालच्या उघड्या मातीचा वरचा थर दुपारी ६० अंशांच्या पुढे जातो. जमिनीलगतची हातभर हवा पेटीतल्या हवेपेक्षा बरीच गरम असते.

पुणे शहराचा एप्रिलमधला आजवरचा उच्चांक ४३.३ अंशांचा आहे, ३० एप्रिल १८९७ चा. १२२ वर्षांनी, २८ एप्रिल २०१९ ला, पारा ४३ पर्यंत पोचला, पण जुना विक्रम मोडला नाही. सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या ओतूरला ४० म्हणजे मोठी बातमी. ‘आपल्याकडे काय, विदर्भासारखं थोडंच आहे’ हे वाक्य त्यातूनच येतं. शिवाय मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला पारा किमान ४० वर जावा लागतो आणि सहसा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावा लागतो. ३९ अंशांच्या दिवशी सरकारी कागदावर लाट नसते.

मोठ्या आकड्यांची आपल्याला फार हौस. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गलका झाला. नंतर कळलं, यंत्रच बिघडलेलं होतं. माणसं मारायला ५६ लागत नाहीत, ३८ पुरतात. कसे, ते शरीराच्या हिशेबात दिसतं.

नऊ मिनिटांना एक अंश

६० किलोच्या माणसाचं अंग एका अंशाने तापायला सुमारे २१० किलोज्यूल उष्णता लागते. बसून पात कापणाऱ्या बाईच्या अंगात श्रमामुळे २५० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. पाठीवरच्या उन्हातले १५० वॅट अंगात मुरले असं धरू. एकूण ४००. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर नऊ मिनिटांना अंग एका अंशाने चढेल. ३७ वरून ४० वर जायला २७ मिनिटं. ४० च्या पुढे ताप आणि सोबत बरळणं, तोल जाणं, भान हरपणं म्हणजे उष्माघात. आणि हे बसून काम करणाऱ्या बाईचं झालं. डोक्यावर गोणी घेऊन बराखीपर्यंत खेपा घालणाऱ्या गड्याची उष्णता दीडपट-दुप्पट असते.

तरीही रोज हजारो माणसं संध्याकाळी धडधाकट घरी जातात, ते घामामुळे. माणसाच्या कातडीत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. सगळ्या मिळून वजन भरतं जेमतेम १०० ग्रॅम. या १०० ग्रॅममधून तासाला एक लिटर घाम सहज निघतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापट. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर २,४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ६० किलोचं अंग साडेअकरा अंशांनी थंड व्हावं एवढी! अट एकच, तो अंगावर वाळला पाहिजे. टपटप गळून वाफ्यात पडलेला घाम फुकट गेला.

या कारखान्याला कच्चा माल रक्त पुरवतं. थंडाव्यात कातडीकडे मिनिटाला पाव लिटर रक्त फिरत असतं. कडक उन्हात ते सहा ते आठ लिटरवर जातं. अख्ख्या शरीरात रक्त आहे पाच लिटर! म्हणजे सगळं रक्त मिनिटाला एकदा-दीडदा कातडीपर्यंत नेऊन आणायचं काम हृदयावर पडतं. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी घटत चाललेलं. म्हणून उन्हाने मेलेल्या कितीतरी माणसांच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहिलेलं असतं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला होता. त्या महिन्यात शहरात ४,४६२ माणसं मेली, नेहमीपेक्षा १,३४४ जास्त. दाखले एकेक करून वाचले असते तर ही वाढ कुणाच्या ध्यानात आली नसती. महिन्याची बेरीज मांडली तेव्हा ४३ टक्क्यांची उडी दिसली. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्मा कृती आराखडा केला.

दोन अडतीस

१६ एप्रिल २०२३ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो लोक आले होते, सकाळपासून उन्हात बसले होते. कार्यक्रम दुपारी एकच्या सुमारास संपला. १४ जणांचा जीव गेला. नवी मुंबईत त्या दिवशी कमाल तापमान होतं ३८ अंशांच्या आसपास. ओतूरला एप्रिलमध्ये ज्या आकड्याला कुणी मान वर करून पाहत नाही, तोच.

मग तिथेच एवढं काय झालं? गर्दी, वाऱ्याला आडोसा, तासन्‌तास बसणं ही कारणं आहेतच. पण दमट हवेचा वाटा मोठा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की तो घामाने किती थंड होता येईल ते दाखवतो. ३८ अंश आणि हवेत १५ टक्के दमटपणा, म्हणजे आपल्याकडची कोरडी दुपार, यात ओलं फडकं साडेएकोणीस अंशांपर्यंत उतरतं. तेच ३८ अंश आणि ४० टक्के दमटपणा धरला, जो किनाऱ्याला काहीच नाही, तर फडकं २७ अंशांवर अडकतं. तापमान तेच, फरक साडेसात अंशांचा. आता ४५ अंशांची कोरडी, १० टक्के दमटपणाची दुपार घ्या: फडकं २१ वर. या मापाने किनाऱ्यावरचे ३८ आतल्या ४५ पेक्षा वाईट. ओतूरच्या माठातलं पाणी दातांना झोंबतं आणि मुंबईच्या माठातलं नुसतं बरं लागतं, ते याचमुळे. माणूसही माठच आहे, फक्त आतून ४०० वॅटवर तापत असलेला.

ओलं फडकं ३५ अंशांवर गेलं की धडधाकट माणूसही सावलीत बसून, भरपूर पाणी पिऊन, काही तासांपलीकडे टिकत नाही, असा हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचणी झाली, तेव्हा दमट हवेत ती मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. चार अंश आधीच.

कोरड्या हवेचा धोका वेगळा आणि जास्त लबाड. घाम लगेच वाळतो, अंग ओलं दिसत नाही आणि आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. खारघरला घामाने निथळणाऱ्या माणसाला निदान जाणीव होते. ओतूरच्या शेतात फक्त ब्लाउजच्या पाठीवर मिठाचे पांढरे वळ दिसतात.

खारघरनंतर दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर मोठे सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असं राज्य सरकारने जाहीर केलं. चांगलं केलं. पण कांद्याच्या वाफ्यात बसलेल्या आठ बायका हा कार्यक्रम होत नाही, आणि त्यांच्यासाठी असा आदेश मी तरी कधी ऐकला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज बांधला, की २०३० साली उष्णतेपायी भारतातले ५.८ टक्के कामाचे तास बुडतील. ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. त्यातले कितीतरी तास शेतातले असणार.

पहिला दिवस

मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारा आकडा वेगळाच आहे. अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं सांगतं, की कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. उन्हाला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवावा, अशी तिकडची शिफारस आहे.

आपल्याकडे हे कुणाला लागू होतं? अकोले तालुक्याच्या डोंगरातून पहिल्यांदा टोळीत आलेल्या पोरीला. परीक्षा संपवून बापाच्या मदतीला उतरलेल्या कॉलेजच्या मुलाला. आणि गावच्या यात्रेला मुंबईहून आलेल्या पाहुण्याला, जो वर्षभर एसीत बसतो आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी पोरांना घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो. गावातल्या म्हाताऱ्याला जमतं ते याला जमेलच असं नाही, वय कितीही कमी असो.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं अजून छातीठोक सांगणारे आहेत, आणि ओतूरला कांद्याची काय कमी. पण हिशेब करू. ८० ग्रॅमच्या कांद्यात ७० ग्रॅम पाणी असतं. ते सगळं अंगावर वाळलं, तर ६० किलोचं अंग पाऊण अंशाने थंड होईल. खिशात, सालीच्या आत, त्यातला थेंबही वाळत नाही. तो भाकरीबरोबर फोडून खा, निदान चार घोट पाणी आणि जेवणाला चव.

वेळेचा आणि पाण्याचा भाव

‘पहाटे काम करा’ हा सल्ला टीव्हीवर सोपा वाटतो. जुन्नर तालुक्यात पहाटे उसाच्या कडेला बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं केंद्र उभारावं लागलं, असा हा मुलूख. बसून किंवा वाकून काम करणारा माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. त्यामुळे अंधारात वाफ्यात बसा, असं इथे कुणी कुणाला सांगू नये. एप्रिलच्या मध्याला ओतूरला सव्वासहाला सूर्य उगवतो. चांगलं उजाडल्यावर साडेसहाला बसलं आणि ११ ला उठलं, तर साडेचार तास होतात. संध्याकाळी ४ ते ६ आणखी दोन. एकूण साडेसहा तास. सात तासांच्या तुलनेत एका बाईमागे दिवसाला अर्धा तास गेला. एकराच्या २४ मजुऱ्यांवर १२ तास, म्हणजे दोन मजुऱ्याही नाहीत. दिवसातलं निम्म्याहून जास्त ऊन चुकवायची ही किंमत.

अडचण खरी आहे ती दुसरीच. बाहेरगावची टोळी पिकअपने येते. बायका घरचा स्वयंपाक उरकून निघतात, शेतात पोचेपर्यंत नऊ वाजतात. मधले पाच तास बसायचं कुठे? त्यातून काम उक्तं घेतलेलं, एकरावर दर ठरलेला. जी बसली तिचं नुकसान. म्हणून ‘विश्रांती घ्या’ असं मजुराला सांगून उपयोग नाही, ते मालकाशी बोलायचं काम आहे.

पाण्याचा हिशेब तर अगदीच स्वस्त. दर वीस मिनिटांना पेलाभर, म्हणजे तासाला पाऊण लिटर. तहान लागायची वाट न पाहता. सहा तासांचे साडेचार लिटर, आठ जणींचे ३६ लिटर. वीस लिटरचे दोन जार. तासाला दीड लिटरच्या वर मात्र कुणी ढोसू नये, कारण नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं. घामात लिटरमागे दीड ते तीन ग्रॅम मीठ जातं. ते भरून काढायला दुपारचं पोटभर जेवण, ताक, मीठ घातलेलं लिंबू-सरबत पुरतं. गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

२७४ पैकी २७४

अमेरिकेतल्या फाल्मथ गावी दर ऑगस्टमध्ये रस्त्यावरची शर्यत होते. १८ वर्षांत तिथे २७४ धावपटूंना उष्माघात झाला. २७४ पैकी २७४ वाचले. तिथे रुग्णाला आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात आणि दवाखान्याचा विचार मग करतात. त्या टबात अंग मिनिटाला ०.२२ अंशाने उतरलं, म्हणजे दहा-बारा मिनिटांत अडीच अंश. ओतूरहून नारायणगाव किंवा जुन्नर गाठायला अर्धा तास सहज लागतो. गाडीची वाट पाहत माणूस तसाच तापत ठेवला, तर तो अर्धा तासच घात करतो.

शेतात टब नसतो, पण कांदा झाकायची ताडपत्री असते. बरळणाऱ्या किंवा कोसळलेल्या माणसाला सावलीत ताडपत्रीवर निजवा, चौघांनी चार कोपरे उचलून तिची झोळी करा, डोकं वर धरा आणि विहिरीचं, बोअरचं, जारचं, मिळेल ते पाणी ओता. बर्फ मिळाला तर टाका. पाणी हलवत राहा, अंगावर वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनळीत जातो. हे चालू असतानाच एकाने १०८ ला फोन लावायचा. ही रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर मोफत आहे.

यंदा टोळीशी एकरी दर ठरवाल तेव्हा त्याच बोलण्यात चार गोष्टी ठरवून घ्या: पाण्याचे दोन जार, चार बांबूंवर बांधलेली शेडनेट किंवा जुन्या साड्यांचा मांडव, ११ ते ४ काम बंद आणि त्या दोन मजुऱ्या मालकाच्या अंगावर. नव्या पोरीला पहिले चार दिवस हलकं काम द्या. आणि ताडपत्री बराखीत ठेवू नका, बांधावर ठेवा.